ओटीपोटाचं रेडिएशन चालू असताना काय खावं, काय थांबवावं आणि पोट बिघडलं तर काय करावं

गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी रेडिएशन ठरलं की घरात सगळ्यात आधी पथ्याची यादी तयार होते. तिखट बंद, पालेभाजी बंद, दूध बंद, भाकरी जड म्हणून बंद, अंडं उष्ण म्हणून बंद. सांगणारे मायेपोटीच सांगतात. पण पाच आठवडे नुसत्या मऊ भातावर आणि वरणाच्या पाण्यावर काढलेली बाई उपचार संपताना इतकी खालावलेली असते, की पुढे उभं राहायलाच तिला महिने लागतात. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: ताट आधीपासून रिकामं करू नका. पोट जसं तक्रार करेल तसं आणि तेवढंच काढा. पोट सावरलं की काढलेलं एकेक करून परत वाढा.

लेख मुख्यतः गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे उपचार घेणाऱ्या बाईला आणि तिचं जेवण बघणाऱ्या माणसाला समोर ठेवून लिहिला आहे. गर्भाशय, प्रोस्टेट, मूत्राशय किंवा गुदाशयावर रेडिएशन घेणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडतं. मधुमेह किंवा किडनीचा त्रास असेल, पोटावर शौचाची पिशवी असेल किंवा गाठीमुळे आतडं अरुंद झालेलं असेल, तर मात्र तुमच्या डॉक्टरांचा आणि आहारतज्ज्ञांचा शब्द शेवटचा.

पोटात नेमकं काय होतं

साधारण चित्र असं असतं: सोमवार ते शुक्रवार रोज एकदा, असे २५ च्या आसपास फ्रॅक्शन, म्हणजे रेडिएशनच्या बैठका, एकूण ४५ ते ५० ग्रे (ग्रे हे रेडिएशनची मात्रा मोजायचं एकक). सोबत आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाची सलाईन. त्यानंतर किंवा शेवटाकडे ब्रॅकीथेरपी, म्हणजे गाठीजवळ आतून दिलेलं रेडिएशन.

लहान आतड्याचं आतलं अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवं होतं. रेडिएशनचा मार भराभर वाढणाऱ्या पेशींवर जास्त बसतो, त्यामुळे जुनं अस्तर झडतं आणि नवं पुरेसं तयार होत नाही. हे घडायला वेळ लागतो. म्हणून पहिल्या आठवड्यात बहुतेकींना काहीच होत नाही, आणि ‘मला तर काही त्रास नाही बाई’ असं म्हणेपर्यंत दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जुलाब सुरू होतात. शेवटच्या दोन आठवड्यांत त्रास सर्वांत जास्त असतो. उपचार संपल्यावर काही आठवड्यांत तो ओसरू लागतो.

त्रास कुठे होतोय यावर काय खायचं ते ठरतं. लहान आतड्याचा शेवटचा भाग ओटीपोटात लोंबकळत असतो. पित्तातले क्षार आणि बी-१२ जीवनसत्त्व तिथेच शोषलं जातं. तो भाग दुखावला तर पित्त तसंच मोठ्या आतड्यात उतरतं आणि पिवळसर, पाण्यासारखे, धावत जावं लागणारे जुलाब होतात. तुपकट-तळलेलं खाल्लं की ते वाढतात. दूध पचवणारं लॅक्टेज आतड्याच्या अस्तरातच असतं, त्यामुळे आजवर बिनबोभाट पचलेलं दूध अचानक पोट फुगवतं. गुदाशय तर गर्भाशयमुखाच्या अगदी मागे आहे. त्याला सूज आली की शौच नसतानाही सारखा जोर येतो आणि नुसती आव पडते. या तीन तऱ्हांना ‘पोट बिघडलं’ असं एकच नाव दिलं, की उपाय चुकतो.

मशीनचाही यात वाटा आहे. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राने शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन घेणाऱ्या ३०० स्त्रियांवर केलेली एक चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात रोज स्कॅनने जागा तपासून दिलेल्या आयएमआरटी (किरणांची तीव्रता जागेप्रमाणे कमी-जास्त करणाऱ्या) पद्धतीत तीन वर्षांपर्यंत आतड्याचा मध्यम किंवा गंभीर त्रास सुमारे २१ टक्के जणींना झाला, तर जुन्या त्रिमितीय पद्धतीत सुमारे ४२ टक्के जणींना. तेव्हा ‘माझ्यासाठी कुठली पद्धत वापरणार?’ हा प्रश्न प्लॅनिंगच्या आधीच विचारा.

सुरू होण्याआधीचा आठवडा

एक साधी वही घ्या. पहिल्या पानावर आजचं वजन, आणि एरवी दिवसातून किती वेळा आणि कशी शौचाला होते ते लिहा. हे फार महत्त्वाचं आहे. एरवी एकदा जाणारी बाई पाच वेळा जाऊ लागली आणि एरवी तीनदा जाणारी पाच वेळा जाऊ लागली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टरही जुलाबाची तीव्रता ‘नेहमीपेक्षा किती जास्त’ यावरच मोजतात. चारपेक्षा कमी वाढ म्हणजे सौम्य, चार ते सहा म्हणजे मध्यम, सात किंवा अधिक म्हणजे गंभीर.

चालू असलेली सगळी औषधं दाखवा. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने अनेकांना पातळ होतं, लोहाच्या गोळीने घट्ट होतं. ही माहिती नसली तर सगळं खापर रेडिएशनवर फुटतं. काढे, गव्हांकुराचा रस, कारल्याचा रस, गुळवेल यांतलं काही घेत असाल तर लपवू नका. गुळवेलीच्या वापरानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवले आहेत. सिस्प्लॅटिन चालू असताना शरीरावर असा जादा प्रयोग नको. धूम्रपानाने ओटीपोटाच्या रेडिएशननंतर आतड्याची इजा वाढते हे माहीत असलेलं आहे. विडी-सिगारेट सुटायला हवीच, आणि मिश्री लावायची सवय असेल तर तीही याच निमित्ताने सुटू दे.

प्रथिनांचा हिशोब आत्ताच मांडा. अशा रुग्णाला किलोमागे १ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे ५० किलोच्या बाईला दिवसाला साधारण ६० ग्रॅम धरून चाला. दोन अंडी १२ ग्रॅम, दोन वाट्या दाट वरण साधारण १२, मोठी वाटीभर दही ६ ते ७, शंभर ग्रॅम मासे किंवा चिकन १८ ते २५, उरलेलं पोळी-भातातून. शाकाहारी घरात मासळीच्या जागी पनीर, मऊ टोफू, मुगाचं धिरडं, डाळ्याचं पीठ असं दोन-तीन गोष्टींतून जमवावं लागतं. नुसत्या ‘डाळीच्या पाण्यात’ काही नसतं. डाळ खाली राहते आणि पाणी रुग्णाला मिळतं, ही पद्धत कोणी सुरू केली कोण जाणे.

बऱ्याच ठिकाणी रेडिएशनच्या आधी लघवी करून, मग ठरावीक पाणी पिऊन, ठरावीक वेळ थांबायला सांगतात. भरलेलं मूत्राशय लहान आतड्याला वर ढकलतं आणि मार चुकवतं. कंटाळा आला म्हणून यात काटछाट करू नका.

चोथ्याचं काय करायचं

वर्षानुवर्षं रुग्णालयांतून मिळणाऱ्या कागदावर ‘कमी चोथ्याचा (फायबरचा) आहार’ असं छापलेलं असतं. लंडनच्या रॉयल मार्सडेन रुग्णालयात ओटीपोटाचं रेडिएशन घेणाऱ्या १६६ रुग्णांवर हेच तपासून पाहिलं गेलं आणि २०१७ साली निष्कर्ष आले. दिवसाला १८ ग्रॅम किंवा जास्त चोथा खाणाऱ्यांचा पोटाचा त्रास उपचाराअखेरीस आणि वर्षभरानंतरही नेहमीचं खाणाऱ्यांपेक्षा कमी होता. चोथा तोडल्याने फायदा झाला असं दिसलं नाही.

याचा अर्थ जुलाब लागलेल्या बाईला मेथीची भाजी आणि मटकीची उसळ वाढा असा नाही. सगळा चोथा सारखा नसतो. केळं, शिजवलेलं सफरचंद, लाल भोपळा, गाजर, रताळं, ओट्स, सोललेली मूगडाळ आणि ईसबगोल यांतला विरघळणारा चोथा पाणी धरून ठेवतो आणि शौच बांधतो. पालेभाज्यांचे देठ, वांग्याच्या बिया, मक्याचे दाणे, कच्ची कोशिंबीर, फळांच्या साली यांतला न विरघळणारा चोथा आतड्याला घाई करायला लावतो. त्रास नाही तोवर दोन्ही खा, नेहमीची भाकरी-भाजीही. त्रास सुरू झाला की दुसरा प्रकार कमी करा, पहिला ठेवा. तुमच्या कागदावर सरसकट ‘चोथा बंद’ लिहिलेलं असेल, तर तो मुद्दा घेऊन आहारतज्ज्ञांकडे जा.

पातळ जुलाब सुरू झाले की

पहिलं काम पाण्याचं. सिस्प्लॅटिन किडनीवर ताण टाकतं, त्यात अंगातलं पाणी गेलं की किडनी लवकर बिघडते. म्हणून या रुग्णाचे जुलाब ‘होतील कमी’ म्हणून सोडून देता येत नाहीत. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण टाका. अर्धं आज, अर्धं उद्या असं नको. २४ तासांत संपलं नाही तर ओतून द्या. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. प्रत्येक जुलाबानंतर पेलाभर, घोट घोट. मिठाची तांदळाची पेज आणि मीठ घातलेलं पातळ ताकही चांगलं. शहाळ्यात पोटॅशियम असतं पण सोडियम फारच कमी, म्हणून शहाळं ओआरएसच्या जोडीला चालेल, त्याच्या जागी नाही. बाटलीतले गोड ज्यूस आणि ग्लुकोजचं दाट पाणी जुलाब वाढवतात.

दुसरं, ताटातून तीन गोष्टी काढा. दूध आणि दुधाचा चहा काही दिवस थांबवा. ताजं दही आणि ताक बहुतेकींना चालतं, कारण विरजणात लॅक्टोज कमी झालेलं असतं. तळण, साय, ओल्या खोबऱ्याचं वाटण आणि मटणाचा तवंग कमी करा. जुलाब पिवळे, पाण्यासारखे असतील तर हे जास्त कसोशीने पाळा. आणि वर सांगितलेला राठ चोथा, शेंगदाणे, तीळ, हिरवी मिरची थांबवा. हळद, जिरं, हिंग, धणे यांना काही हरकत नाही. अळणी जेवणाने तोंडाची चव जाते आणि चव गेली की घास जात नाही.

मग खायचं काय? सकाळी नाचणीच्या सत्त्वाची ताक घालून केलेली आंबील किंवा मऊ उपमा, सोबत उकडलेलं अंडं. दहा-अकराला केळं. दुपारी आटवल किंवा मऊ भात, दाट मुगाचं वरण, दुधी, पडवळ किंवा लाल भोपळ्याची शिजून मऊ झालेली भाजी, वाटीभर ताजं दही. चारला भाजलेल्या डाळ्याचं पीठ ताकात कालवून, किंवा शिजवलेलं सफरचंद. रात्री ज्वारीची मऊ उकड नाहीतर पोळी कुस्करून वरणात, आणि घरात मासे होत असतील तर कमी तेलातला पापलेट किंवा बोंबील काटे काढून. मेतकूट-भात वाईट नाही, पण त्यावर तूप एक चमचाच. साबुदाण्याची खीर सगळे करतात. तिने शक्ती येते हा समज मात्र सोडा. तो जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, प्रथिनं नावापुरती. खायला हरकत नाही, पण जेवण म्हणून नको. आणि शेंगदाण्याचा कूट-मिरची घातलेली साबुदाण्याची खिचडी या दिवसांत उपासालाही नको. खरं तर उपासच नको. गुरुवार, चतुर्थी, एकादशी उपचार संपल्यावर धरता येतात.

ईसबगोल चालतो. डॉक्टरांना विचारून एक चमच्याने सुरुवात करा, भरपूर पाण्याबरोबर, आणि इतर गोळ्यांपासून एक-दोन तासांचं अंतर ठेवून.

तिसरं, औषध. लोपेरामाइड हे जुलाब थांबवायचं नेहमीचं औषध आहे, पण किती आणि कधी हे रेडिएशनच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. ताप असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल तर ते स्वतःहून घेऊ नका. मुरडा येतोय म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनही नको, ती किडनीला त्रासदायक. मधुमेहाची गोळी घेऊन जेवण गेलं नाही तर साखर एकदम खाली येऊ शकते, तेही त्यांना कळवा.

यांपैकी काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता रुग्णालयात जा:

- १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप
- नेहमीपेक्षा सात किंवा अधिक वेळा जुलाब, किंवा रात्री झोपेतून उठवणारे जुलाब
- पाणीही पोटात न टिकणं, लघवी अगदी कमी किंवा गडद होणं, उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी
- शौचातून रक्त
- पोट फुगून कडक होणं, उलट्या, आणि वारा-शौच दोन्ही बंद

शेवटचं लक्षण आतड्याला अडथळा झाल्याचं असू शकतं. त्यात ओवा-हिंग देत बसू नका.

आव, कुंथणं आणि जागेची आग

सारखं जावंसं वाटतं, बसल्यावर चमचाभर आव पडते, आणि उठलं की परत तेच. हा गुदाशयाच्या सुजेचा त्रास आहे. आहार बदलून यात फार फरक पडत नाही, आणि जुलाब थांबवायच्या गोळीनेही नाही. जोर करू नका, पाच मिनिटांत उठा, आणि डॉक्टरांना ‘जुलाब होतात’ असं न सांगता नेमकं हेच सांगा. लाजेपायी बायका इथे अर्धवट सांगतात आणि चुकीची गोळी घेऊन घरी येतात. शौचानंतर साध्या कोमट पाण्याने धुऊन मऊ सुती कापडाने टिपून घ्या, घासू नका. टबात कोमट पाण्यात दहा मिनिटं बसल्यावर आराम पडतो. डेटॉल, साबण, पावडर त्या जागी नको.

मळमळ, आणि उलटपक्षी बद्धकोष्ठ

मळमळ बहुधा सिस्प्लॅटिनची असते, आणि सलाईनच्या दिवशी व पुढचे दोन-तीन दिवस जास्त जाणवते. उलटीची गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते. दर दोन तासांनी थोडं, कोरडं, गार झालेलं खा: खाकरा, टोस्ट, लाह्या, दहीभात. फोडणीच्या वासाने ढवळत असेल तर त्या वेळी रुग्णाला स्वयंपाकघरापासून लांब बसवा. आल्याचा छोटा तुकडा मिठाबरोबर चघळायला दिला तरी चालतो. उलटी थांबवणाऱ्या ऑन्डान्सेट्रॉनच्या गोळीने आणि वेदनाशामक मॉर्फिनने शौच घट्ट होतं. एकाच आठवड्यात दोन दिवस बद्धकोष्ठ आणि तीन दिवस जुलाब असं होतं ते बरेचदा यामुळे. बद्धकोष्ठाच्या दिवशी पपई, शिजवलेल्या भाज्या आणि पाणी वाढवा. जुलाबाचं पथ्य त्या दिवशीही तसंच चालू ठेवायचं कारण नाही.

स्वच्छता आणि एका शेगडीचा स्वयंपाक

केमोमुळे पांढऱ्या पेशी कमी होतात, तेव्हा बाहेरचा उसाचा रस, कापून ठेवलेली फळं, पाणीपुरी, कच्चे मोड, अर्धकच्चं अंडं, आदल्या दिवशीचा भात हे सगळं टाळा. घरी लावलेलं ताजं दही चालेल. प्रोबायोटिकच्या कॅप्सूल पेशी कमी असताना विचारल्याशिवाय नकोत.

मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेणारे कितीतरी जण दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी किंवा नातलगांच्या एका खोलीत राहतात. तिथे पाच पदार्थांचं पथ्य कोण करणार? कुकरमध्ये तीन डबे लावा: एकात तांदूळ, दुसऱ्यात भरपूर मूगडाळ, तिसऱ्यात भोपळा-गाजर. त्याच पाण्यात धुतलेली दोन अंडी. सोबत दही. यात रुग्णाचं जेवण पूर्ण होतं, आणि वर चटणी घेतली की सोबतच्या माणसाचंही. प्रवासासाठी पिशवीत जादा कपडे, पॅड, पाण्याची बाटली आणि ओआरएसची पाकिटं कायम असू द्या. लोकलने जायचं असेल तर कुठल्या स्टेशनावर बरं स्वच्छतागृह आहे ते आधीच बघून ठेवा.

दर सोमवारी एकाच काट्यावर वजन करा. सुरुवातीच्या वजनाच्या पाच टक्के, म्हणजे ५० किलोला अडीच किलो, कमी झालं की आहारतज्ज्ञांना गाठा. एकीकडे पथ्य आणि दुसरीकडे घसरतं वजन अशी ओढाताण असेल, तर पथ्य सैल करण्याच्या बाजूने मी असेन.

ब्रॅकीथेरपीचे दिवस

भूल द्यायची असल्याने उपाशी राहावं लागतं, कधी आदल्या दिवशी हलकं जेवण आणि एनिमा असतो. इथे फक्त त्या विभागाच्या सूचना पाळा, आणि दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत राहिलेली प्रथिनं भरून काढा.

शेवटच्या फ्रॅक्शननंतर

जुलाब आणखी आठवडा-दोन आठवडे राहिले तरी घाबरू नका. शौच बांधून होऊ लागली की दर दोन-तीन दिवसांनी एकच जुना पदार्थ परत आणा. आधी भाकरी, मग कोवळी पालेभाजी, मग चहात थोडं दूध, मग मोड शिजवून. एखाद्याने बिघडलं तर तो पंधरा दिवस बाजूला ठेवून पुन्हा बघा. चार-सहा महिने झाले तरी फक्त वरणभातच चालू असेल, तर तो आजार नाही, भीती आहे.

तीन महिन्यांनंतरही पातळ होत असेल तर मात्र ‘रेडिएशन झालंय, असं राहणारच’ हे उत्तर मान्य करू नका. पोटविकारतज्ज्ञांकडे जा. पित्ताचे क्षार शोषले जात नसतील तर कोलेस्टिरामीन नावाच्या, हे क्षार धरून ठेवणाऱ्या पावडरने आणि कमी स्निग्ध आहाराने आराम पडतो. ती पावडर इतर औषधांपासून काही तास लांब घ्यावी लागते. लहान आतड्यात जंतू वाढले असतील तर प्रतिजैविकांचा कोर्स लागतो. अशक्तपणा, हातापायांना मुंग्या असतील तर बी-१२ तपासा. ते काही वर्षांनीही कमी होऊ शकतं.

महिन्या-वर्षांनी शौचातून रक्त दिसलं तर मूळव्याध समजून घरगुती मलम लावत बसू नका. दुर्बिणीतून तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना ‘इथे रेडिएशन झालं आहे’ हे आधी सांगा. जास्त मार बसलेल्या गुदाशयाच्या पुढच्या भिंतीचा तुकडा तपासणीसाठी घेतला, तर ती जखम भरायला फार अवघड जाते. म्हणूनच रुग्णालयातून निघताना उपचाराचा सारांश मागून घ्या आणि पुढच्या प्रत्येक डॉक्टरला दाखवा. त्यात किती ग्रे, किती फ्रॅक्शन, ब्रॅकीथेरपी किती वेळा आणि शेवटची तारीख एवढं लिहिलेलं असलं म्हणजे पुरे.